बाप्पाखालची किल्ली

२ ऑगस्ट २०२५, शनिवार, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

काल मंडळाच्या सभेत माझी अग्निसुरक्षा प्रमुख म्हणून एकमताने निवड झाली. कार्यवाह सलील बापटने कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा बाकीचे सगळे बटाटेवड्यांकडे गेले होते. मी एकटाच खुर्चीत होतो. माणसं विश्वास टाकतात ती अशी.

निवड योग्यच आहे. विमा कंपनीत आगीच्या क्लेमवर सह्या करण्यात माझी उमर गेली. प्रत्यक्ष आग पाहिलेली नाही, पण जळालेल्या मालाचे फोटो पाहून माल खरंच जळला की जाळला, हे मी चहा संपायच्या आत सांगतो.

प्रश्न गंभीर आहे. बालीगंजमधलं हे आपलं मराठी निवास म्हणजे बदलीवर आलेल्या आमच्यासारख्या एकट्या जिवांचा आसरा. तीन मजले, एक मेस, गच्चीवर तुळस. यंदा फायर खात्याची मंजुरी मिळाली नाही तर निवासाला टाळं. आम्ही पीजी शोधू. पण रजनीताई कुठे जातील? शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, मेस त्याच बघतात, पहिल्या मजल्यावर आयुष्य गेलं. आता भाच्याकडे न्यूटाउनला अठराव्या मजल्यावर जावं लागेल. त्यापेक्षा ट्राम डेपोत राहीन म्हणाल्या.

ताई, घाबरू नका. मी आहे. (हे मनात म्हणालो.)

संकल्प: मंजुरी मिळवणे. सप्टेंबरच्या निवडणुकीत कार्यवाह होणे. पोट कमी करणे.

५ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही. अभ्यास चालू होता.

अभ्यासाचा निष्कर्ष: सगळा खेळ दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी दाराचा आहे. फायर डोअर. त्याच्यामागे बाहेरचा जिना. आग लागली की लोक त्या दारातून सटकणार आणि दार आपोआप मागे बंद होणार, म्हणजे धूर जिन्यात येणार नाही. म्हणून ते कायम मिटलेलं हवं. केवढी सुंदर कल्पना!

आणि आपले लोक काय करतात? दाराला वरवंटा लावून ते उघडं ठेवतात. मेसमधला वरवंटा! वारा येतो म्हणे. नऊ नंबरच्या अभिषेकला (बँकेत प्रोबेशनर, वय चोवीस, अक्कल त्याहून कमी) मी समजावलं. तो म्हणाला, काका, दुपारी इथे इडलीपात्रात बसल्यासारखं होतं, आणि दार सोडलं की धाडकन असं आपटतं की छातीत धस्स होतं. मी म्हटलं, जीव मोठा की झुळूक? तो विचार करायला लागला. हल्लीची पिढी!

९ ऑगस्ट, शनिवार

दारावर नोटीस लावली. तीन भाषांत. बंगाली मजकूर सलीलने लिहून दिला. तो इथेच जन्मलेला, डमडमला राहतो, मराठी बोलताना मधूनच बंगाली गोलाई येते. पण मुलगा चांगला. कार्यवाह म्हणून जरा मऊ.

वरवंटा जप्त करून ताईंना परत दिला. ताई म्हणाल्या, बरं झालं, परवापासून चटणी बत्त्याने कुटत होते.

१० ऑगस्ट, रविवार

दाराला वरवंटा. नोटिशीची सुबक घडी करून वरवंट्याखाली घातलेली. फरशीला चरा पडू नये म्हणून म्हणे.

१३ ऑगस्ट, बुधवार

अग्निशामक नळकांड्यांची पाहणी. प्रत्येक मजल्यावर भिंतीला टांगलेली आहेत, येता-जाता कुणीही हात लावील. उद्या चोरीला गेली तर? सगळी काढून माझ्या खोलीत पलंगाखाली ठेवली. आता एकदम सुरक्षित. चपला ठेवायला जागा उरली नाही, पण प्रमुखाला त्याग करावा लागतो.

सुनीतीचा पुण्याहून फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, तिथे आग लागली तर सगळ्यांनी तुमच्या पलंगाखाली शिरायचं का? बायकांना तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

१७ ऑगस्ट, रविवार, दुपारी १२

मिळाला! उपाय मिळाला!! अंघोळ करताना सुचला, टॉवेल गुंडाळूनच लिहितोय.

दार कायम बंद हवं ना? मग कुलूप लावायचं. बंद म्हणजे किती बंद असावं याला काही मर्यादा नाही. कुलूप असलेलं दार हे नुसत्या मिटलेल्या दारापेक्षा कितीतरी पटीने बंद असतं. हे अजून कोणालाच कसं सुचलं नाही?

रात्री ९

संध्याकाळी गडियाहाटच्या बाजारात जाऊन कुलूप आणलं. तळहाताएवढं. दुकानदार म्हणाला, दादा, हे करवतीने कापता येत नाही. मी म्हटलं, तेच तर पाहिजे!

१८ ऑगस्ट, सोमवार

कडी बसवली, कुलूप ठोकलं. अभिषेक वरवंटा हातात घेऊन बघत उभा राहिला. त्याचा चेहरा फोटो काढण्यासारखा होता. काढलाही. सुनीतीला पाठवला.

सलीलने भीत भीत विचारलं, काका, आग लागला तर लोक कसे बाहेर येणार? मी म्हटलं, मी येऊन उघडीन. तो म्हणाला, आणि तुम्ही ऑफिसला असाल तर? मी म्हटलं, सलील, तू नकारात्मक विचार फार करतोस.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डुप्लिकेट किल्ली पुण्याला स्पीड पोस्टने पाठवली. महत्त्वाच्या वस्तूची एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी, हे आमच्या हेड ऑफिसचं धोरण आहे. माझ्या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

काळजी. अभिषेक माझ्या किल्लीवर डोळा ठेवून आहे. काल माझा सदरा इस्त्रीला देऊ का म्हणाला. खिशात किल्ली होती! आज मला चहा आणून दिला. एवढी माया कशापायी?

किल्ली उशीखाली ठेवली. मान आखडली. मोज्यात ठेवली. ऑफिसात लंगडलो, साहेबांनी युरिक अॅसिड तपासायला सांगितलं.

संकल्प: कायमची जागा शोधणे. (पोटाचा संकल्प गणपतीनंतर. उकडीचे मोदक येणार आहेत, उगाच मनाला त्रास नको.)

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

गणपती बाप्पा मोरया! काय दिवस, काय दिवस!

कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून मूर्ती आली. दीड हात उंच, शाडूची. डोळे थोडे बंगाली आहेत, टपोरे आणि लांब, पण गोड. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये स्थापना. यजमान मी. (सलीलला सुतक होतं. वाईट वाटलं, पण सोवळं मी आधीच इस्त्री करून ठेवलं होतं.)

चौरंगावर तांदळाची रास घातली, आता मूर्ती ठेवायची, आणि त्या क्षणी डोक्यात लखकन वीज चमकली. कनवटीची किल्ली काढली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तांदळात सारली. वर बाप्पा विराजमान! गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. झालं! आता साक्षात गजाननाच्या बुडाखाली हात घालायची अभिषेकची काय बिशाद?

जगात याहून सुरक्षित लॉकर नाही. आरतीला माझा आवाज सगळ्यांत वर होता. मोदक अकरा.

२८ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी

सलीलचा फोन. फायर खात्याकडून पत्र आलं. तपासणी ३ सप्टेंबरला.

उत्तम. आपण तयार आहोत. नोटीस लावली आहे, नळकांडी सुरक्षित, दार बंद.

सकाळीच, अर्ध्या तासाने

तपासणीला येणारे साहेब दार उघडून दाखवा म्हणणार.

प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवत नाहीत. आपला गणपती अनंत चतुर्दशीचा. म्हणजे ६ सप्टेंबर.

त्याच दिवशी, जेवणानंतर

शांत राहायचं. मी विमावाला आहे, धोका पचवणं हा माझा धंदा आहे. सुनीतीला फोन केला, म्हटलं, डुप्लिकेट लगेच पाठव. ती म्हणाली, कुठली डुप्लिकेट? ती पिटुकली किल्ली? ती माळ्यावरच्या ट्रंकेची समजून तिने जुडग्यात घातली, आणि जुडगा घेऊन आमची लेक मधुरा नाशिकला गेली.

जेवण गेलं नाही. मोदक तीनच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मोहीम पहिली: गणपती दीड दिवसाचा असता तर काल दुपारीच विसर्जन झालं असतं. आजही उशीर झालेला नाही. जेवताना सहज विषय काढला की बदलत्या काळात गणपती अडीच दिवसांचा करायला काय हरकत आहे? पर्यावरण, ट्रॅफिक वगैरे मुद्दे मांडले.

 मग रजनीताईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला आणि विचारलं, हर्डीकर, तुमची तब्येत बरी आहे ना? निवासाचा गणपती पहिल्यापासून दहा दिवसांचा आहे. युद्धात ब्लॅकआउट होता तेव्हासुद्धा काळा कागद लावून दहा दिवस बसला होता.

कार्यवाहपदाची चार मतं तरी गेली असावीत.

३० ऑगस्ट, शनिवार

मोहीम दुसरी: गडियाहाटहून चावीवाला आणला. लपूनछपून, बाहेरच्या जिन्याने. पण कडी आतून आहे, त्यामुळे परत खाली उतरून पुढून आणावा लागला. त्याने तारा घातल्या, कान लावला, घाम पुसला. शेवटी हात जोडून म्हणाला, दादा, फार भारी कुलूप आहे, कोणी निवडलं? मला फार अभिमान वाटला. एकदम भरून आलं.

गॅस-कटरने कापता येईल म्हणाला. ठिणग्या उडतील. मी साफ नाही म्हटलं. फायर डोअरवर आग? माझ्या कारकिर्दीत शक्य नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

मोहीम तिसरी: मेसमधलं उलथनं. पातळ, लांब, वाकत नाही. आरती संपून सगळे प्रसादाला खाली गेले की बाप्पाला धक्का न लावता तांदळात उलथनं सारायचं आणि किल्ली अलगद ओढायची. कागदावर योजना निर्दोष होती.

चौरंगापुढे पालथा पडलो होतो, उलथनं निम्मं आत, आणि मागे रजनीताई. काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, साष्टांग नमस्कार. त्या म्हणाल्या, उलथन्याने?

म्हटलं, आमच्याकडे कोकणात तशी पद्धत आहे. कोणत्या गावात, असं त्यांनी विचारलं. भूगोलाच्या बाई! मी गावाचं नाव आठवत बसलो तोवर त्या उलथनं घेऊन गेल्यासुद्धा.

२ सप्टेंबर, मंगळवार

मोहीम चौथी: बाप्पाला प्रार्थना. वैयक्तिक. बाप्पा, तूच थोडा सरक.

सरकला नाही.

सलीलने तीनदा विचारलं, काका, किल्ली आहे ना? मी म्हटलं, अत्यंत सुरक्षित ठिकाणी आहे. खोटं बोललो नाही. तो म्हणाला, तुमच्यामुळे निश्चिंत आहे. मी अख्खा मोदक तोंडात टाकला.

खाली ताई जुनी ट्रंक उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, काही नाही, उगाच आवरतेय, न्यूटाउनला किती सामान मावेल ते बघत होते.  सगळं सांगून टाकावं असं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, तुमच्यावर माझा भरवसा आहे बरं का. मी वर निघून आलो.

उद्या ऑफिसला सिक लीव्ह टाकून तिथेच जावं का? म्हणजे ऑफिसला. पण मग लीव्ह कशाला? डोकं चालत नाहीये.

३ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळी ५

सविस्तर लिहितो. इतिहासाने माझी बाजूही ऐकावी.

फायर खात्याचे दत्तबाबू नेमके दुपारच्या आरतीला आले. गोरेपान, गोल, मिशीवर सतत रुमाल. आधी मूर्तीला हात जोडले. आपल्या ठाकूरचे, म्हणजे बाप्पाचे, डोळे कुमारटुलीचे, हे त्यांनी लगेच ओळखलं. वातावरण छान. मी मोदक पुढे केला. त्यांनी खाल्ला, बोटं चाटली आणि विचारलं की फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहेत?

सगळ्यांना माझ्या खोलीत नेलं. पलंगाखाली वाकून बघताना त्यांच्या तोंडून नुसता बाबा रे बाबा असा उद्गार निघाला. मी तो कौतुकाचा समजलो.

मग दार. त्यांनी ढकललं. कुलूप हातात घेऊन वजन बघितलं. मग माझ्याकडे बघत हिंदीत विचारलं की हे कोणी लावलं? मी सांगितलं की नियमानुसार दार बंद पाहिजे म्हणून मी. ते म्हणाले, दार मिटलेलं पाहिजे, पण आतून कुणालाही एका धक्क्यात, किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. नाहीतर ते दार नाही, भिंत आहे. बरं, किल्ली कुठे?

हॉलमध्ये सगळे जमलेले. सलील, अभिषेक, रजनीताई. आरतीचा कापूर अजून धुमसत होता. मी म्हटलं, अत्यंत सुरक्षित ताब्यात आहे. कोणाच्या? मी बाप्पाकडे बोट दाखवलं.

दत्तबाबूंनी पुन्हा हात जोडले. मला वाटलं, सुटलो! मग ते हळूच म्हणाले की आग लागली तर तुम्ही विसर्जनापर्यंत थांबणार का?

 सलीलचा चेहरा पांढराफटक. दत्तबाबू कागद काढून लिहू लागले. हे दार असं असेल तर इथे माणसं ठेवता येणार नाहीत, संध्याकाळपासूनच, असं म्हणत होते आणि लिहीत होते.

रजनीताई पुढे झाल्या. पदर खोचला. बाप्पासमोर उभ्या राहून डोळे मिटले, दोन शब्द पुटपुटल्या, आणि एका हाताने मूर्तीला मागून आधार देत दुसऱ्या हाताने ती जराशी, अगदी जराशी, कलती केली.  ताईंनी तांदळात बोटं घातली आणि किल्ली बाहेर काढली. हळदकुंकू माखलेली, दोन तांदूळ चिकटलेले.

मी कुजबुजलो, ताई, उत्तरपूजेच्या आधी? त्या म्हणाल्या, विचारलं मी त्याला. मी म्हटलं, काय म्हणाला? त्या म्हणाल्या, नाही म्हणाला नाही.

कुलूप निघालं. दार उघडलं. भस्सकन वारा आत आला, समई थरथरली, आणि दार आपोआप परत मिटलं. धाडकन. दत्तबाबू खूश! कुलूप त्यांनी मला स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकायला लावलं. केवढं महाग कुलूप! नळकांडी भिंतीवर परत टांगायला लावली. मंजुरी राखून ठेवली आहे. न कळवता पुन्हा येणार. त्या वेळी दार मिटलेलं आणि मोकळं दिसलं तर सर्टिफिकेट, नाहीतर टाळं.

एकंदरीत तपासणी यशस्वी. माझ्या तांदळाच्या कल्पनेमुळे किल्ली हरवली नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. घाटावर रडू आलं. बाप्पाने मला उघडं पाडलं, पण पोटात घातलं.

आज निवडणूक. कार्यवाहपदी सलील पुन्हा. मला एक मत. ते माझं. (म्हणजे मतदान गुप्त असतं, पण अक्षर ओळखीचं होतं.)

अग्निसुरक्षा प्रमुख हे पद आता फिरतं केलं आहे. फिरून रजनीताईंकडे गेलं.

शिवाय अभिषेकला माझी खोली दिली आणि मला नऊ नंबर, दाराला लागून. तुम्हाला त्या दाराची एवढी काळजी आहे म्हणून, असं सलील म्हणाला. हा सन्मान आहे. मी तो स्वीकारला.

पुण्याहून कुरिअर आलं. डुप्लिकेट किल्ली. लावून बघायला कुलूप नाही. सुनीतीचा फोन आला, ती म्हणाली की ही नक्की तीच का, हे मधुराला खात्रीने सांगता येत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

नऊ नंबर खोली. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. वारा म्हणजे काय ते विसरलो. घाम, घाम, घाम. पंखा गरम हवाच फिरवतो. इडलीपात्र हा शब्द अभिषेकने अगदी अचूक वापरला होता. मुलगा हुशार आहे, हे मी आधीपासून म्हणतोय.

आणि ते दार! कोणी गेलं की धाडकन. कोणी आलं की धाडकन. छातीत धस्स.

संकल्प: सहन करणे. ताईंची ट्रंक अजून उघडीच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार, दुपारी २.२०

वीज गेली. सगळे दुर्गापूजेच्या खरेदीला गेले आहेत. मेसमध्ये ताई एकट्या, बहुतेक डुलकी काढत असतील.

पाण्यासाठी खाली गेलो होतो. वरवंटा पाट्यावर मोकळाच पडला होता.

फक्त पाच मिनिटं. मी इथेच दाराशी खुर्ची टाकून बसलोय. मी जागा आहे. प्रमुख नसलो तरी जबाबदार माणूस आहे. इतरांनी लावणं वेगळं आणि माहितगाराने देखरेखीखाली लावणं वेगळं.

अहाहा. झुळूक. जिन्यापलीकडचा निंब हलतोय. देवा, काय सुख आहे हे

संध्याकाळी ५.४०

दार धाडकन आपटलं आणि जाग आली. दचकून खुर्चीवरून खालीच बसलो.

समोर रजनीताई. धापा टाकत होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने पळत चढल्या होत्या. हातात वरवंटा, तो पदराआड. दुसऱ्या क्षणी त्यांच्या मागून दत्तबाबू जिना चढून वर आले, मिशीवर रुमाल. दार बघितलं. ढकललं, उघडलं, सोडलं. मिटलं. एकदम फर्स्ट क्लास म्हणाले.

मी घोरत होतो, हे त्यांनी मनावर घेतलं नाही. पहारेकरी आहे का, एवढंच विचारलं.

मंजुरी मिळाली! सर्टिफिकेटवर जबाबदार व्यक्ती म्हणून रजनीताईंचं नाव. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला. खाली जाऊन ट्रंकेचं झाकण लावल्याचा आवाज मला इथवर आला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. खरंच झाला.

मग त्या परत वर आल्या. मी काहीतरी बोलणार होतो. देखरेख, माहितगार वगैरे शब्द तयार होते. ताईंनी पदराआडचा वरवंटा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या की आजपासून हा तुमच्याकडे, आणि मेसची चटणीही रोज तुम्हीच वाटायची.

हो म्हटलं. खोबरं किती घ्यायचं ते विचारायचं राहिलं.